पगारपत्रकातले दोनशे रुपये

फेब्रुवारीचं पगारबिल शालार्थवर, म्हणजे शाळांच्या पगाराच्या सरकारी संगणकप्रणालीवर, भरलं की स्टाफरूममधून कुणीतरी माझ्या टेबलापाशी येतंच. "मॅडम, या महिन्यात शंभर रुपये जास्त कापलेत." मग मी हिशेब मांडून दाखवते. व्यवसाय कर महिन्याला 200, फेब्रुवारीत 300. अकरा महिन्यांचे 2200 आणि हे 300, वर्षाचे 2500. त्याच्यावर एक रुपयाही राज्य सरकारला घेता येत नाही, कारण ही मर्यादा राज्यघटनेच्या 276 व्या कलमातच घातलेली आहे.

यंदा आला तो नवा शिक्षणसेवक. मानधन 18,000. त्याच्यासोबत रुजू झालेल्या शिक्षणसेविकेचं मानधनही तेवढंच, पण तिच्या रकान्यात शून्य, कारण एप्रिल 2023 पासून पंचवीस हजारांपर्यंत पगार असणाऱ्या स्त्रियांना हा कर माफ आहे. ते त्याला पटलं. मग त्याने विचारलं, "पण हा कर जातो कुठं?" मधल्या सुट्टीत जमेल तेवढं सांगितलं. बाकीचं इथे लिहिते. केंद्राकडे किती पैसा, राज्याकडे किती, आणि कामाची जबाबदारी कुणावर, हा सगळा प्रश्न या दोनशे रुपयांत सापडतो. शिवाय हा कर ज्या रोजगार हमी योजनेसाठी आला, तिची सुरुवात आमच्याच सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात झालेली आहे.

विसापूर गाव तुम्ही नकाशात शोधलंत तर सापडेल. तिथले वि. स. पागे. 1960 ते 1978 ते विधान परिषदेचे सभापती होते. गावात ज्याला काम हवंय त्याला काम देणं ही सरकारची जबाबदारी, ही कल्पना त्यांनी साठच्या दशकात विसापूरला करून पाहिली. मग 1972 चा दुष्काळ आला आणि सगळ्या महाराष्ट्राला ती करावी लागली. मे 1973 मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती.

त्यातली एक माझी आई. लग्न होऊन नुकतीच या घरात आली होती. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. तेव्हा मिळणारी सुकडी आणि मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, भाकरीची चव अजून सांगते. पण ती सगळ्यात जास्त बोलते ते पुढच्या काळाबद्दल, रोजगार हमी आल्यानंतरच्या. दुष्काळी काम कधी सुरू होईल आणि कधी बंद पडेल हे वरच्यांच्या हातात. मुकादमाने सांगितलं उद्यापासून काम नाही, की नाही. रोजगार हमीत तसं नव्हतं. गावात नाव नोंदवायचं, पन्नास माणसं जमली की कागद द्यायचा, काम सुरू करावंच लागायचं. आमच्या वरच्या अंगाचा पाझर तलाव असाच झाला. त्याच्या बांधावरचं दगडी पिचिंग आजही जागचं हललेलं नाही, मधूनमधून बाभळी उगवल्यात एवढंच. आई त्या बांधाकडे बोट करून म्हणते, "फुकट न्हाई घेतलं. मागून घेतलं."

हे मागून घेणं कायद्यात उतरलं ते 1977 च्या महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियमाने. 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. पण कायद्याआधी पैसा उभा करावा लागला, आणि तो राज्याने स्वतः उभा केला. 1975 मध्ये व्यवसाय कर आला तो यासाठी. जोडीला मोटारगाड्यांवर जादा कर, विक्रीकरावर अधिभार, बागायती जमिनीवर विशेष आकारणी, शहरातल्या बिगरनिवासी इमारतींवर कर. या सगळ्यांतून जेवढं येईल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची, असा नियम. व्यवसाय कराचा मोठा भाग मुंबईतून यायचा. म्हणजे चर्चगेटच्या कचेरीतला कारकून दर महिन्याला जो कर भरत होता, त्यातून माझ्या आईची मजुरी निघत होती. देशात दुसऱ्या कुठल्याही राज्याने तेव्हा हे केलं नव्हतं. मला याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

त्या काळाचं सगळंच चांगलं होतं असं मात्र नाही. खोटी हजेरीपत्रकं, मुकादमांची टक्केवारी हे सगळं आईनेच सांगितलेलं आहे. रोजगार हमीच्या नावाने गोळा झालेला पैसा पुरता खर्च होत नाही, दुसरीकडे वळतो, ही तक्रार विधिमंडळात वर्षानुवर्षं व्हायची. पण तक्रार कुणाकडे करायची हे तरी माहीत होतं. कर घेणारं सरकार मुंबईत, काम द्यायला बांधलेलं सरकारही तेच.

2005 मध्ये संसदेने राष्ट्रीय रोजगार हमी कायदा (मनरेगा) केला. महाराष्ट्राचा अनुभव त्याच्या पायाशी होता. त्यात पैशाची वाटणी अशी ठरली: अकुशल मजुरी पूर्ण केंद्राची, साहित्याच्या खर्चातला पाऊण हिस्सा केंद्राचा आणि पाव राज्याचा. पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता मात्र राज्याने द्यायचा. महाराष्ट्राने आपला कायदा रद्द केला नाही, सुधारून ठेवला. शंभर दिवसांपर्यंतची मजुरी केंद्राकडून आणि त्यापुढचं काम राज्याच्या पैशातून, अशी सोय केली.

व्यवस्था म्हणून ही मला विचारपूर्वक केलेली वाटते. केंद्राकडे पैसा जास्त, म्हणून मजुरी केंद्राने भरायची. काम काढणं राज्याच्या हातात, म्हणून काम न दिल्याचा दंड राज्याला. कागदावर तरी दोघांनाही पळवाट नव्हती. प्रत्यक्षात मजुरी उशिरा यायची, आणि साहित्याची म्हणजे कुशलची बिलं तर फारच. माझ्या चुलत भावाने या योजनेतून सिंचन विहीर घेतली. दगडकाम उसनवारीवर उरकलं आणि बिलासाठी त्याचे दोन द्राक्षहंगाम गेले. विचारायला गेला की प्रत्येक पायरीवर एकच उत्तर मिळायचं, वरून निधी आला नाही.

एक गोष्ट मात्र कुणीच बोलत नाही. मजुरीचा मोठा भार केंद्राने उचलला, तरी आमच्या पगारपत्रकातला व्यवसाय कर तसाच राहिला. मी बिलं करते, मला तो रकाना रोज दिसतो. तो पैसा आता राज्याच्या एकूण जमेत मिसळतो आणि कुठे जातो हे सामान्य माणसाला कळायचा मार्ग नाही. केंद्राला नावं ठेवायची तर राज्यालाही ठेवली पाहिजेत.

डिसेंबर 2025 मध्ये संसदेने जुना कायदा रद्द करून नवा केला. 'गॅरंटी फॉर रोजगार अँड आजीविका मिशन (ग्रामीण)' या त्याच्या नावावरून सगळे त्याला जी राम जी म्हणतात. शंभराचे 125 दिवस झाले, हे बातम्यांत ठळक आलं. खर्चाची वाटणी 60:40 झाली, तेही आलं. आमच्या ग्रामपंचायतीत यावरून घोटाळा झाला, कारण रोजगार हमीत 60:40 म्हटलं की सगळ्यांना अकुशल आणि कुशल खर्चाचं प्रमाण आठवतं. हे वेगळं आहे. मजुरीसकट एकूण खर्चातले 60 रुपये केंद्राचे, 40 राज्याचे. ईशान्येकडच्या आणि हिमालयातल्या राज्यांना 90:10. पेरणी-काढणीच्या हंगामात वर्षातले 60 दिवस काम बंद ठेवायची तरतूदही आहे. आमच्याकडचे बागायतदार त्याने खूश आहेत, कारण छाटणीला आणि काढणीला माणसं मिळत नाहीत. पण मजुराला शेतावर बरा दर मिळतो तो हातात दुसरं काम असतं म्हणून. सरकारी काम बंद झालं की बोलणी एकतर्फी होतात.

तरी माझा मुख्य आक्षेप तिथे नाही, चाळीस टक्क्यांवरही नाही. महाराष्ट्राने एकेकाळी शंभर टक्के उचललेलं आहे. राज्याचा पैसा लागला की राज्य लक्ष देईल, खोटी हजेरी कमी होईल, असं केंद्राचं म्हणणं आहे आणि त्यात तथ्य आहे. आक्षेप पुढच्या कलमावर आहे. कुठल्या राज्याला वर्षाला किती पैसे, हे आता केंद्र आधी ठरवणार. त्या वाटपाच्या वर खर्च गेला तर तो सगळा राज्याचा. जुन्या कायद्यात मजुराने काम मागितलं की बिल तयार व्हायचं आणि ते केंद्राला भरावं लागायचं. आता आधी रक्कम ठरणार आणि तिच्यात मागणी बसवायची. ज्या वर्षी पाऊस दगा देईल त्या वर्षी मागणी दुप्पट होणार, आणि नेमक्या त्याच वर्षी राज्याची जमाही घटलेली असणार.

राज्य तेव्हा काय करेल? 1975 मध्ये केलं तसं नवा कर लावेल? लावता येणार नाही, आणि हे लोकांना माहीत असायला हवं.

व्यवसाय कराची मर्यादा 2500 झाली ती 1988 च्या साठाव्या घटनादुरुस्तीने. तेव्हापासून ती हललेली नाही. चौदाव्या वित्त आयोगाने ती 12,000 करा असं सुचवलं होतं, झालं नाही. ती बदलायची तर संसदेनेच घटना बदलायला हवी. विक्रीकरावरचा अधिभार म्हणाल, तर पेट्रोल-दारू वगळता विक्रीकरच राहिला नाही. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि बहुतेक मालावरचा दर ठरवायचा अधिकार राज्यांनी केंद्र आणि राज्यांच्या मिळून असलेल्या जीएसटी परिषदेच्या हवाली केला. तिथे केंद्राच्या मताला एक तृतीयांश वजन, सगळ्या राज्यांच्या मतांना मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. म्हणजे केंद्र नको म्हणालं तर सगळी राज्यं एकत्र येऊनही काही करू शकत नाहीत.

जीएसटीच्या वेळीही एक हमी होती. राज्यांचं उत्पन्न दरसाल 14 टक्क्यांनी वाढेल असं धरून, जे कमी पडेल ते पाच वर्षं केंद्र भरून देईल. कायद्यात लिहिलेलं. मग कोरोना आला. 27 ऑगस्ट 2020 च्या परिषदेच्या बैठकीत राज्यांना सांगण्यात आलं की कर्ज काढा. बऱ्याच ओढाताणीनंतर केंद्राने स्वतः कर्ज काढून राज्यांना पुढे दिलं आणि त्याची फेड नुकसानभरपाई उपकरातून करायचं ठरलं. 31 मे 2022 ला केंद्राने थकलेले 86,912 कोटी सोडले, त्यात महाराष्ट्राचे 14,145 कोटी होते. पैसे मिळाले, नाही असं नाही. पण ज्या महिन्यांत दवाखाने भरले होते त्या महिन्यांत राज्यं पत्रं लिहीत बसली. हमी वाईट काळासाठीच असते ना?

उरतो तो केंद्रीय करांतला वाटा. पाच-पाच वर्षांनी वित्त आयोग बसतो आणि ठरवतो. केळकरांच्या तेराव्या आयोगाने राज्यांना 32 टक्के दिले, रेड्डींच्या चौदाव्याने 42, एन. के. सिंह यांच्या पंधराव्याने 41, आणि पानगढियांच्या सोळाव्यानेही 41 च ठेवले. हे आकडे मोठे वाटतात, पण ते उपकर आणि अधिभार (सेस आणि सरचार्ज) वगळून उरलेल्या रकमेवर लागतात. उपकर-अधिभार वाटायचे नसतात, ते पूर्ण केंद्राचे.

शिक्षणसेवकाला मी पेट्रोलचं उदाहरण दिलं. 2021 च्या उन्हाळ्यात एका लिटरवर केंद्राचं उत्पादन शुल्क 32 रुपये 90 पैसे होतं. त्यात मूळ शुल्क, म्हणजे वाटपाला येणारं, फक्त 1 रुपया 40 पैसे. बाकी रस्ते उपकर, शेती उपकर आणि विशेष जादा शुल्क. 1 रुपया 40 पैशांचे 41 टक्के म्हणजे 57 पैसे, ते सगळ्या राज्यांत वाटायचे. त्यात महाराष्ट्राचा हिस्सा 6.317 टक्के. त्याने मोबाइलवर गुणाकार केला. 3.6 पैसे. साडेबत्तीस रुपयांच्या वर कर भरला आणि त्यातून राज्याकडे वाटा म्हणून चार पैसेही आले नाहीत. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला.

राज्यानेही तेव्हा हात आखडता घेतला नव्हता. आपल्या व्हॅटवर लिटरमागे 10 रुपये 12 पैसे वेगळे लावले होते. 2015 मध्ये दुष्काळासाठी म्हणून 2 रुपये घेतले होते, त्यांचा वेगळा हिशेब मी शोधला, मला मिळाला नाही. वाट्याच्या पैशाची खात्री नसली की राज्यं जिथे हात पोचतो तिथेच ओरबाडतात: पेट्रोल, दारू, मुद्रांक.

इथे आमच्याकडे एक वाद हमखास निघतो. महाराष्ट्र इतका कर देतो आणि परत किती मिळतं? पंधराव्या आयोगाच्या सूत्रात बिहारला 10.058 टक्के आणि आपल्याला 6.317. मी या वादात पडत नाही. सूत्रात सगळ्यात जास्त वजन, 45 टक्के, दरडोई उत्पन्नातल्या तफावतीला होतं. जो मागे आहे त्याला जास्त, हे बरोबरच आहे. पागेंच्या योजनेतही मुंबईच्या पगारातून तासगावची मजुरी निघत होती, तेव्हा आम्ही घेणारे होतो. आणि आमच्या खानापूर-आटपाडी-तासगावची गलाईवाली माणसं देशभरच्या सराफकट्ट्यांवर सोनं गाळून पैसा घरी पाठवतात. त्या पैशावर इथे बंगले उभे आहेत, द्राक्षबागा उभ्या आहेत. दुसऱ्या राज्याला चार रुपये जास्त गेले म्हणून मी तक्रार करणार नाही. माझी तक्रार वाटपाला न येणाऱ्या पैशाबद्दल आहे, कारण तो बिहारलाही मिळत नाही.

बाबासाहेब आंबेडकरांचा कोलंबिया विद्यापीठातला प्रबंध याच विषयावरचा आहे, ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांच्या अर्थव्यवहारावर. 1925 मध्ये तो छापून आला. राज्यघटनेत वित्त आयोग आला त्याच्या कितीतरी आधी. मी तो सावकाश वाचला, आकडेमोडीची सवय असल्याने जमला. 1833 नंतर सगळा महसूल मध्यवर्ती सरकारचा आणि कारभार मात्र प्रांतांनी करायचा, अशी रीत होती. खर्च करणाऱ्याला उत्पन्नाची काळजी नाही, उत्पन्न घेणाऱ्याला खर्चाची गरज कळत नाही. जो प्रांत जास्त आरडाओरडा करेल त्याच्या पदरात जास्त. 1870 मध्ये लॉर्ड मेयोने पोलीस, तुरुंग, शिक्षण, रस्ते अशी खाती ठरावीक रकमेसकट प्रांतांकडे सोपवली. रक्कम ठरलेली, वर लागलं तर प्रांताने बघून घ्यायचं. तो भाग वाचताना मला आजचं वाटप आठवलं. फरक एवढाच की आता त्या ठरावीक रकमेखाली एका बाईचा कामाचा हक्क आहे.

म्हणून मला वाटतं, भांडण 60 आणि 40 वर घालवू नये. राज्याने 40 भरावेत, पण मग राज्याला कर उभारायला जागा द्या: 276 व्या कलमातली मर्यादा वाढवा, उपकरांना वरची सीमा घाला किंवा तेही वाटपात आणा. आणि दुष्काळी वर्षात केंद्राचं वाटप मागणीप्रमाणे आपोआप वाढायला हवं, अर्ज-विनंत्या न करता. दिल्लीत जे होईल ते होईल, पण मुंबईला स्वतः करता येण्यासारखं एक काम आहे. 1977 चा कायदा आपल्याच विधिमंडळाचा आहे.

येत्या ग्रामसभेसाठी मी ठरावाचा मसुदा लिहून ग्रामरोजगार सेवकाकडे दिला आहे. केंद्राचं वाटप संपलं तरी राज्याच्या अधिनियमाप्रमाणे मागेल त्याला काम चालू राहावं. व्यवसाय कराचा पैसा पुन्हा रोजगार हमीच्या स्वतंत्र खात्यात जमा व्हावा. त्या खात्यातली जमा, खर्च आणि शिल्लक तालुकावार दर तिमाहीला ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. सूचक म्हणून माझं नाव आहे. अनुमोदक म्हणून आईने अंगठा न देता सही केली आहे, साक्षरता वर्गात शिकलेली.